हात हलतो म्हणून थांबू नका

मुलाच्या कोपराची दुखापत जुनी झाली की घरात एकच प्रश्न फिरत राहतो: ऑपरेशन करायचं की नाही? पिंपरीजवळच्या रहाटणीसारख्या भागात त्याचं उत्तर सहज लांबणीवर पडतं. आईवडील भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांतल्या शिफ्टमध्ये अडकलेले. मूल सुट्टीत गावी पडतं, तिथे कुणी कामट्या बांधतं, कुणी प्लास्टर घालतं, आणि शाळा उघडल्यावर वाकडा हात घेऊन ते परत येतं. माझ्या मते हा प्रश्नच अर्धवट आहे. नेमकं काय जुळायचं राहिलंय आणि दुरुस्तीला वेळ किती उरलाय, हे आधी विचारायला हवं. कारण दिसायला सारख्याच असलेल्या दुखापतींपैकी एकीत थांबलेलं चालतं, दुसरीत थांबलं की संधी जाते.

सगळ्यांत फसवी दुखापत मोंतेज्जिया या इटालियन सर्जनच्या नावाने ओळखली जाते. त्याने 1814 मध्ये तिचं वर्णन केलं. कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांपैकी अल्ना मोडतं आणि रेडियसचं डोकं कोपरातून निसटतं. मोडलेलं हाड एक्स-रेत लगेच दिसतं. निसटलेलं डोकं नजरेतून सुटतं, फिल्ममध्ये कोपर नीट आलेलं नसेल तर हमखास. अल्ना जुळतं, प्लास्टर निघतं, मूल खेळायला लागतं. मग आक्षेप येतो, ‘हात हलतोय, दुखत नाही, चिरफाड कशाला?’ तो अगदीच बिनबुडाचा नाही, कारण सुरुवातीची काही वर्षं खरंच फारसा त्रास नसतो. पण जागा सोडलेल्या डोक्याची खोलगट वाटी हळूहळू फुगीर होते, आणि नंतर ते बसवू म्हटलं तरी बसत नाही. वेळेत गेलं तर अल्ना कापून, त्याला बाक आणि लांबी देऊन डोकं जागेवर आणता येतं. गरज पडल्यास भोवतीचा बंधही नव्याने बांधतात. दुखापतीला दोन-तीन वर्षं होण्याआधी आणि मूल साधारण दहा-बारा वर्षांचं होण्याआधी यशाची शक्यता जास्त. डोकं पुन्हा निसटणं, नस दुखावणं, तळहात पालथा-उताणा करणं कमी होणं, हे धोके आहेतच. आकार फारच बिघडला असेल तर सर्जन नकारही देतील, आणि तो नकार ऐकावा.

‘वाढत्या वयात सरळ होईल’ हा दिलासा मनगटाजवळच्या मोडीत बराचसा खरा ठरतो. कोपरावर ठरत नाही: दंडाच्या हाडाची सुमारे 80 टक्के वाढ खांद्याच्या टोकाला होते, कोपराकडे जेमतेम 20 टक्के. त्यामुळे कोपराच्या वर मोडून आत वळलेला हात वाकडाच राहतो. मात्र त्याची हालचाल बहुधा चांगली असते, म्हणून ते ऑपरेशन सवडीने करता येतं. केवळ दिसण्यासाठी केलं तरी मला त्यात वावगं वाटत नाही. वर्गातली चिडवाचिडवी मुलालाच सोसावी लागते. याउलट कोपरात मोडलेला बाहेरच्या बाजूचा तुकडा न जुळता राहिला तर कोपर वाढीबरोबर बाहेर झुकतं, नस ताणली जाते आणि कित्येक वर्षांनी करंगळी बधिर होते. तिथे सवड नाही.

तेल लावून चोळणं स्वस्त पडतं, हे कबूल. पण कोपर जोराने चोळल्याने स्नायूत हाड धरू शकतं, आणि घट्ट बांधल्याने रक्तपुरवठा तुटून स्नायू मरतात. यातलं दुसरं फोल्कमान या जर्मन सर्जनने 1881 मध्येच मांडलं होतं. मेलेला स्नायू कुठलंही ऑपरेशन जिवंत करत नाही. आखडलेली बोटं थोडीफार मोकळी होतात इतकंच. म्हणून ताज्या दुखापतीत बोटं सरळ करताना असह्य कळ आली, मुंग्या आल्या तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठून बांधलेलं सैल करून घ्या. आणि हात जुना वाकडा असेल तर पिंपरीत महापालिकेच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात अस्थिरोग विभाग आहे. कोपर आणि मनगट दोन्ही दिसतील असा एक्स-रे मागा, सुरुवातीपासूनच्या सगळ्या फिल्म बरोबर न्या आणि रेडियसचं डोकं जागेवर आहे का, हे स्पष्ट विचारा.