पडद्यावरचे आप्त, मंचावरचे परके

प्रश्न : देशपांडे सभागृहात मालिकेतील आवडते कलाकार प्रत्यक्ष पाहिले, मागील रांगेतून ते परके का भासले?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जो चेहरा कॅमेरा नित्य आपल्या दिवाणखान्यात हातभर अंतरावर आणून हजर करतो, तोच रंगमंचावर वीतभर दिसू लागला म्हणजे ती एकतर्फी जवळीक, जिची मीमांसा संशोधक हॉर्टन आणि वोल यांनी १९५६ सालीच केली होती, क्षणात ओसरते. १९८७ मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाल्यावर तीत राम साकारणाऱ्या अरुण गोविल यांच्या पाया पडणाऱ्यांना हे अंतर बहुधा जाणवले नसावे. त्या भाविकांना नट पाहावयाचाच नव्हता, राम पाहावयाचा होता! पुढील खेपेस पुढच्या रांगेची तजवीज करावी. न जमल्यास कानांवर भिस्त ठेवावी, कारण विनोदी नट भारत गणेशपुरे यांची वऱ्हाडी बोली वैदर्भीय श्रोत्यास शेवटच्या खुर्चीवरही तितकीच आपली वाटते.