रात्री दहानंतरचे वाय-फाय : राउटरला वेळेचा नियम कसा द्यावा?



ज्या घरांत दहावी-बारावीची मुले आहेत, त्या घरांतून हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : ‘फादर, रात्री वाय-फाय आपोआप बंद होईल, अशी काही सोय आहे का?’ सोय आहे. बहुतेक घरांतील राउटरमध्ये ती आधीपासूनच असते. परंतु ती एकदा लावली की आपले काम संपले, असे समजणे धोक्याचे ठरते. नियम भलत्याच वेळी लागू होतो, किंवा ज्याला अडवायचे नव्हते तोच अडतो; आणि घरात मात्र सर्व काही ठीक चालले आहे, असा समज राहतो. म्हणून आज आपण या विषयाचा थोडा अभ्यास करू या.

१. राउटर नेमके काय करतो?

इंटरनेटवरून येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट, मग तो फोटो असो, व्हिडिओ असो वा साधा निरोप, लहान लहान तुकडे करून पाठवली जाते. या तुकड्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. पोस्टाच्या पाकिटावर असतात तसे प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते असतात. राउटर घराच्या उंबरठ्यावर उभा राहून हे पत्ते वाचतो आणि पॅकेट पुढे सोडतो. ‘अमुक पत्त्यावरून आलेले पॅकेट अडव’ असे आपण त्याला सांगितले, की तो झाला गाळणीचा नियम. त्याच नियमाला ‘रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत’ एवढी अट जोडली, की तो झाला वेळेचा नियम.

घरगुती राउटरमध्ये ही सोय ‘पॅरेंटल कंट्रोल’, ‘ॲक्सेस कंट्रोल’ किंवा ‘शेड्यूल’ या नावाखाली सापडते. कार्यालये व महाविद्यालये यांच्यासाठी असलेल्या मोठ्या राउटरमध्ये ती अधिक बारकाईने दिलेली असते. उदाहरणार्थ, सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये आधी वेळेच्या पट्ट्याला एक नाव द्यावे लागते. हा पट्टा दोन प्रकारचा असतो. एक, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत एकदाच चालणारा. आणि दुसरा, दर आठवड्याला ठरलेल्या वारी पुन्हा पुन्हा येणारा. मग ते नाव गाळणीच्या नियमाला जोडायचे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असे राउटर नियमांची यादी वरून खाली वाचतात. पॅकेटला लागू पडणारा पहिला नियम सापडला, की तेथेच निर्णय होतो आणि खालचे नियम वाचले जात नाहीत. यादीत सर्वांत वर ‘सर्वांना सोड’ असे लिहिले असेल, तर खाली लिहिलेल्या ‘रात्री दहानंतर अडव’ या नियमाची पाळी कधी येतच नाही.

२. घड्याळ कोणाचे?

वेळेचा नियम राउटरच्या घड्याळावर चालतो, आपल्या भिंतीवरच्या घड्याळावर नव्हे. बहुतेक घरगुती राउटरमध्ये वीज गेल्यावरही चालत राहील असे घड्याळ नसते. वीज परत आली, की राउटर एखाद्या जुन्याच तारखेपासून सुरुवात करतो आणि इंटरनेट जोडले गेल्यावर दूरच्या वेळ-सर्व्हरला खरी वेळ विचारतो. या विचारण्याच्या पद्धतीला एनटीपी म्हणतात. अमेरिकेतील डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली आणि तिचे पहिले टिपण १९८५ साली प्रसिद्ध झाले. राउटरमध्ये ही सोय बंद असेल, तर वीज एकदा गेली-आली तरी आपला नियम भलत्याच तासाला लागू होऊ शकतो.

एनटीपीकडून मिळणारी वेळ ही जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी असते. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. लिनक्स या प्रणालीवर चालणाऱ्या राउटरमध्ये ‘आयपीटेबल्स’ नावाची गाळणी वापरतात. तिच्यात लिहिलेली वेळ, वेगळे सांगितले नाही तर, यूटीसीच धरली जाते. समजा, एखाद्या वडिलांनी तेथे ‘२२:०० ते ०६:००’ असे लिहिले. भारतीय वेळेनुसार हा नियम पहाटे साडेतीनला सुरू होईल आणि सकाळी साडेअकराला संपेल! मुलगा रात्री तीनपर्यंत जागू शकेल, आणि सकाळी ऑनलाइन अभ्यासाला बसेल तेव्हा त्याचे वाय-फाय बंद असेल. वडील म्हणतील, ‘मी नियम लावला आहे’. मुलगा म्हणेल, ‘माझा अभ्यास होत नाही.’ दोघेही खरेच बोलत असतील. म्हणून सर्वप्रथम राउटरच्या पानावर जाऊन टाइम झोन पाहावा आणि तेथे दिसणारी वेळ आपल्या घड्याळाशी ताडून पाहावी.

३. मध्यरात्री वार बदलतो

आपण ‘गुरुवारची रात्र’ म्हणतो, तेव्हा गुरुवार रात्रीपासून शुक्रवार पहाटेपर्यंतचा वेळ आपल्या मनात असतो. यंत्राच्या लेखी मात्र रात्री बाराला गुरुवार संपतो.

शाळेच्या आदल्या रात्री म्हणून कोणी रविवार ते गुरुवार हे पाच वार निवडले आणि वेळ रात्री दहा ते सकाळी सहा दिली, असे समजू. वर सांगितलेली आयपीटेबल्स गाळणी याचा अर्थ कसा लावते? त्या प्रत्येक वारी पहाटेचे सहा तास आणि रात्रीचे शेवटचे दोन तास. परिणामी शुक्रवारच्या पहाटे, म्हणजे गुरुवारी रात्री बारानंतर, वाय-फाय मोकळे राहते, जरी सकाळी शाळा असली तरी. उलट शनिवारी रात्री बारानंतर रविवार लागतो आणि ज्या रात्री मोकळीक द्यायची होती, त्याच रात्री वाय-फाय बंद होते. हा गोंधळ टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन नियम करणे : रविवार ते गुरुवार रात्री दहा ते बारा, आणि सोमवार ते शुक्रवार रात्री बारा ते सकाळी सहा.

आणखी एक बारीक गोष्ट. सिस्कोच्या राउटरमधील ‘वीकडेज’ या शब्दाचा अर्थ सोमवार ते शुक्रवार असाच आहे. आपल्याकडील अनेक शाळा शनिवारी सकाळी भरतात. तेव्हा तयार शब्दावर विसंबून न राहता आपले वार आपणच निवडावेत.

४. अडवायचे कोणाला?

संपूर्ण घराचे वाय-फाय बंद करणे सर्वांत सोपे. पण ते नेहमीच न्याय्य नसते. थोरला मुलगा दुबईला नोकरीला असेल, तर आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा त्याच्याकडे साडेनऊ झालेले असतात. कामावरून येऊन, जेवण उरकून तो आईला फोन लावतो, तीच ही वेळ. घरात आजारी माणूस असेल, तर रात्री डॉक्टरांना व्हिडिओ कॉल करण्याची पाळीही येऊ शकते. धाकट्याचा खेळ बंद करताना थोरल्याचा आवाज बंद होता कामा नये. म्हणून नियम घराला नव्हे, तर ठरावीक उपकरणाला लावावा.

प्रत्येक उपकरणाला ‘मॅक ॲड्रेस’ नावाचा एक क्रमांक असतो आणि राउटर त्यावरून ते ओळखतो. मात्र २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून अनेक फोन खाजगीपणा जपण्यासाठी आपला खरा क्रमांक न सांगता बनवलेला क्रमांक सांगतात. फोनच्या सेटिंगमध्ये घरच्या वाय-फायपुरता खरा क्रमांक वापरायला सांगितले, तर नियम टिकतो. अर्थात, तेच सेटिंग मुलगाही बदलू शकतो, हे विसरू नये.

५. जे राउटर करू शकत नाही

अनेक राउटरमध्ये ‘आधीपासून चालू असलेले संभाषण पुढे चालू ठेव’ असा नियम सर्वांत वर असतो. दहाला पाच मिनिटे कमी असताना सुरू केलेले डाउनलोड म्हणूनच दहानंतरही चालू राहू शकते. दुसरे, आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ अशा दोन पत्तापद्धती सध्या एकत्र नांदतात. काही राउटरमध्ये दोन्हींसाठी वेगवेगळे नियम लिहावे लागतात. एकच लिहिला, तर दुसरी वाट उघडी राहते. तिसरे, राउटरचा पासवर्ड पुष्कळदा त्याच्या पाठीवरच छापलेला असतो. तो बदलला नाही, तर नियम कोणीही पुसू शकतो. आणि चौथे, सर्वांत मोठे : फोनमध्ये सिमकार्डचा डेटा असेल, तर पॅकेट राउटरकडे येतच नाही. पुढच्या दारावर पहारा आहे. पण मागचे दार सताड उघडे आहे.

म्हणून नियम लावल्यावर तो तपासून पाहावा. सुरू होण्याची वेळ पाच मिनिटांनंतरची ठेवावी, मुलाच्या फोनवर एक व्हिडिओ चालू ठेवावा आणि काय होते ते पाहावे. मग राउटर बंद करून पुन्हा चालू करावा आणि त्याचे घड्याळ बरोबर आहे का, ते बघावे.

६. नियम आणि संमती

दक्षिण कोरियाने २०११ साली एक कायदा लागू केला. सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ खेळण्यास बंदी! हा कायदा मुख्यतः संगणकावरील खेळांसाठी होता. पुढे मुलांचे खेळ मोबाइलवर गेले आणि कायदा मागे राहिला. २०२२ च्या आरंभी तो रद्द झाला आणि वेळ ठरवण्याचे काम पुन्हा घराकडे आले.

त्याच वर्षी आपल्या सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली. संध्याकाळी सातला भोंगा वाजायचा आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद ठेवून मुलांनी अभ्यासाला बसायचे, असे गावाने मिळून ठरवले. त्या भोंग्याला एकही पॅकेट अडवता येत नाही. त्याच्यामागे होती ती गावाची संमती, आणि मोठ्यांनीही आपला मोबाइल बाजूला ठेवण्याची तयारी.

यावरून यंत्राचा नियम निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणत नाही. थकलेल्या मुलाला रात्री दहाला स्वतःच्या मनाशी भांडत बसावे लागू नये, ही मदत मोठी आहे. परंतु राउटर आपण लिहिलेले शब्द पाळतो. त्यामागचा हेतू त्याला कळत नाही. हेतू फक्त घरातील माणसांनाच सांगता येतो. मुलाला न सांगता लावलेला नियम त्याला सापळा वाटतो आणि तो त्यातून सुटण्याच्या वाटा शोधू लागतो. त्याच्याशी बोलून, त्याच्यासमोर बसून लावलेला नियम ही त्याची स्वतःची शिस्त होऊ शकते. म्हणून प्रथम जेवणाच्या टेबलावर नियम ठरवा, एका कागदावर लिहा, आणि मगच तो राउटरमध्ये उतरवा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न :

१) आपल्या राउटरचे घड्याळ आज कोणती वेळ दाखवते?

२) नियम कोणासाठी, कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत? परीक्षा संपल्यावर तो कोण आणि केव्हा बदलणार?

३) रात्री तातडीची गरज पडली, तर नियम उठवण्याचा अधिकार कोणाला?

४) मुलांसाठी ठरवलेल्या वेळेत आई-वडिलांचा मोबाइल कोठे असेल?