लोणारचे पाणी : एक विज्ञानपाठ

रत्नागिरीचा विद्यार्थी समुद्राच्या सान्निध्यात वाढतो. त्यामुळे पाणी खारे असेल तर ते समुद्राचेच, असे समीकरण त्याच्या मनात नकळत दृढ होते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी आम्ही वर्गात बोलू लागलो, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "समुद्र तिथे नाही, मग मीठ कुठून आले?" दुसराही ठरलेलाच : "तो ज्वालामुखी आहे का?" या दोन प्रश्नांचा एकत्र विचार केला, तर रसायनशास्त्राचा एक उत्तम पाठ हाती येतो.

प्रथम दुसरा प्रश्न घेऊ. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या वर्तुळाकार विवराची नोंद १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली. भोवतालचा खडक लाव्हारसापासून बनलेला बेसाल्ट. साहजिकच हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे अनेक अभ्यासकांना दीर्घकाळ वाटत होते. पुढे तेथे मॅस्केलिनाइट ही काच सापडली. प्रचंड आघाताच्या दाबाखाली खडकातील फेल्डस्पार या खनिजाचे असे रूपांतर होते. ज्वालामुखीच्या उद्रेकात तेवढा दाब निर्माण होत नाही. विवर उल्कापाताचे ठरले, ते या पुराव्यावर. खडक ज्वालामुखीचा, परंतु खड्डा उल्केचा, हा भेद ध्यानात ठेवावा.

पाण्याची परीक्षाही याच निष्कर्षाशी जुळते. जिवंत ज्वालामुखीच्या विवरातील सरोवरात भूगर्भातून सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन क्लोराइड यांसारखे वायू मिसळतात व पाणी तीव्र आम्लधर्मी होते. जावा बेटावरील कावाह इजेन सरोवराच्या पाण्याचा सामू एकच्याही खाली असतो. कॅमेरूनमधील न्योस सरोवराच्या तळाशी ज्वालामुखीजन्य कार्बन डायऑक्साइड साठला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळून बाहेर पडला आणि सुमारे १,७०० माणसे गुदमरून मृत्यू पावली. लोणारला असे वायू पुरवणारा ज्वालामुखी नाही. तेथील पाण्याचा सामू सुमारे १० आहे. म्हणजे ते आम्लाच्या नेमक्या विरुद्ध, अल्कधर्मी आहे.

आता पहिला प्रश्न. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळवून सौम्य कार्बोनिक आम्ल बनते. ते बेसाल्टमधून झिरपताना खनिजे हळूहळू झिजवते. त्यातून सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम सुटतात आणि पाण्यात बायकार्बोनेट तयार होते. हे पाणी विवरात उतरते. मात्र तेथून बाहेर वाहणारा ओढा नाही. ऊन पाणी तेवढे नेते, क्षार मागे राहतात. पाणी आटत गेले, की कॅल्शिअम प्रथम कार्बोनेटच्या रूपाने तळाशी बसते, मॅग्नेशिअमही बरेचसे निघून जाते. सोडिअमचे कार्बोनेट मात्र सहज विरघळणारे असल्याने पाण्यातच राहते. त्याच्या जोडीला सोडिअम क्लोराइड साठते. हजारो उन्हाळ्यांनी चाललेल्या या क्रियेतून मीठ आणि धुण्याचा सोडा यांचे एकत्रित द्रावण सिद्ध झाले. पाण्यातील सूक्ष्म शैवाले कार्बन डायऑक्साइड शोषून सामू आणखी वर नेतात.

येथे समुद्राशी तुलना करावी. समुद्राच्या पाण्याचा सामू ८ च्या आसपास असतो. सामूच्या मापात एका अंकाचा फरक दहापटीचा असतो. म्हणून ८ व १० यांतील अंतर शंभरपटीचे झाले. हे घरीही पडताळता येईल. हळद लागलेल्या कापडाला साबण लागला, की डाग लाल होतो, हे आपण स्वयंपाकघरात पाहतोच. हळदीत बुडवून वाळवलेला कागद धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात लालसर होतो. समुद्राच्या पाण्यात तो पिवळाच राहतो. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतः करून निष्कर्ष वहीत नोंदवावा.

आपल्या जिल्ह्यातील तुरळ, राजवाडी, उन्हवरे येथील गरम पाण्याचे झरेही याच पाठाचा भाग होत. तेही ज्वालामुखीचे नव्हेत. खोल भेगांतून उतरलेले पाणी पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेने तापते आणि खडकातील क्षार घेऊन वर येते. परंतु ते वाहते असल्याने लोणारसारखा संचय तेथे होत नाही.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा अनेक तर्क लढवले गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून क्षारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याकडे बोट दाखवले. पाणी कमी होऊन क्षार वाढले, तसे हे जीव वाढले. पावसाने पाणी वाढताच रंग ओसरला. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. या सरोवराचे अस्तित्व येणारे पाणी व उडून जाणारी वाफ यांच्या समतोलावर आहे. गोडे पाणी व सांडपाणी अधिक आत आले, तर क्षार विरळ होतील, सामू उतरेल आणि त्या पाण्यातच जगू शकणारे जीव नाहीसे होतील. विवराच्या कडा तशाच उभ्या राहतील, पण लोणारचे लोणारपण उरणार नाही. सरोवराचे रक्षण करावयाचे तर आधी त्याच्या पाण्याचे रसायन समजून घेतले पाहिजे, एवढे या पाठातून आमच्या विद्यार्थ्यांनी सोबत न्यावे.