प्रवास आणि ऋतुमान

बंगळूरहून विमान सुमारे अडीच तासांत अंदमानला पोहोचते. तेथून इतर बेटांकडे जाणे मात्र समुद्राच्या स्वाधीन असते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात साधारणपणे १ जूनला येतो. अंदमानात तो मे महिन्यातच दाखल होतो. म्हणून मेअखेरची सुट्टी तेथे पावसात सापडते. वर्षअखेरीस चक्रीवादळांचे भय असते. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे बोटींची वाहतूक थांबली आणि हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) व नील (आताचे शहीद द्वीप) या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले. नौदलाला त्यांची सुटका करावी लागली. जानेवारी ते एप्रिल हा काळ तुलनेने कोरडा असतो. तेव्हा प्रवासाची तारीख ऋतू पाहून ठरवावी, हवामान खात्याचे इशारे वाचावेत आणि परतीच्या विमानापूर्वीचा एक दिवस मुख्य बेटावरच राखून ठेवावा.