गणिताच्या वहीत चार ओळी

पालकहो, पालकसभेत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं, "गणिताच्या तासाला मुलं निबंध कसले लिहितायत?" कुणी हसत विचारलं, कुणी कपाळाला आठ्या घालून. निबंध नाही हो तो. आठवड्यातून एकदा मुलानं एक गणित घ्यायचं आणि ते सोडवताना डोक्यात काय चाललं होतं, ते आपल्या भाषेत चार ओळींत लिहायचं. कुणी वहीत लिहितं, कुणी वर्गाच्या ऑनलाइन रोजनिशीत.

आता ०.५ आणि ०.३५ यांत मोठी संख्या कोणती ते विचारा. पुष्कळ मुलं ०.३५ म्हणतात. आपण फुली मारतो, बरोबर उत्तर सांगतो, मूल ते उतरवून घेतं आणि विषय मिटतो. पण 'कसं ठरवलंस ते लिही' म्हटलं की वहीत येतं, "पाचापेक्षा पस्तीस जास्त म्हणून." म्हणजे टिंबापुढचे आकडे ते साधी संख्या म्हणून वाचतंय! अशा वेळी आणखी वीस गणितं घालून काही होत नाही. शिवणकामाची टेप काढा, अर्धा मीटर आणि ०.३५ मीटर कुठे येतात ते त्यालाच दाखवायला सांगा.

दुसरं मूल साडेतीन किलो ३.३० असं लिहितं. कारण? घड्याळात साडेतीन वाजले की ३:३० दिसतात. यात आळस कुठेय? उलट पोरानं डोकं चालवलंय, फक्त साठाचा हिशेब दहाच्या घरात आणलाय. त्याच्या ओळी वाचल्या नसत्या, तर 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून आपण मोकळे झालो असतो.

परीक्षेत याला मार्क आहेत का? या ओळींना नाहीत. पायऱ्यांना आहेत, आणि आपण काय केलं हे ज्याला सांगता येतं, त्याच्या पायऱ्या सहसा गाळल्या जात नाहीत.

तुमच्याकडून एकच हवंय : वाक्यं सांगू नका. रोजनिशीतल्या काही नोंदी इतक्या टापटीप असतात की लिहिणारा हात कुणाचा ते लगेच कळतं (एकीत तर चक्क 'सदर उदाहरणात' होतं!). शुद्धलेखनाकडे तूर्त काणाडोळा करा. शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी घरी मराठीत विचार होत असेल, तर मराठीतच लिहू द्या. "इथपर्यंत जमलं, पुढे अडलं" हीसुद्धा पुरी नोंद आहे. शिक्षकाला तर तीच जास्त उपयोगाची. आणि कृपा करून त्या पानाचा फोटो काका-मामांच्या ग्रुपवर टाकू नका. एकदा हसू झालं की मूल खरं लिहायचं थांबतं.

काय लिहायचं सुचत नसेल, तर देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली मांडलेली गंमत करून बघा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं लावून मोठीतून लहान वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७. पुन्हा तेच : ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. आता ६१७४ ला तेच करा, पुन्हा ६१७४! कुठूनही निघा, फार तर सात पायऱ्यांत तिथेच पोचता. आपल्या संख्येला किती पायऱ्या लागल्या, मध्ये कुठे शंका आली, ते मुलाला लिहू द्या. शेजारी बसून तुम्हीही एक संख्या घ्या. वही मात्र वेगळी.