खरवडलेलं नाव

चि. बाळू यास,


काल रात्री वहिनीचा फोन आला, तेव्हापासून झोप नाही. तू रविवारी जुन्या बाजारात गेलास आणि साडेनऊ हजारांची समई घेऊन आलास म्हणे. तू! दिवाळीच्या खरेदीला लक्ष्मी रस्त्यावर नेलं की दुकानाच्या पायरीवर फतकल मारून बसणारा. सूनबाईच्या आग्रहाखातर गेलास, तासभर गर्दीत घुसमटलास आणि सुटका व्हावी म्हणून विकणाऱ्या माणसाने सांगितली ती किंमत मोजलीस. घासाघीस करायची तुला लाज वाटते, हे मला ठाऊक आहे. तुझ्या बाबालाही वाटायची.

पैशांचं मी सोडून दिलं असतं. पण वहिनी सहज बोलून गेली की समईच्या बुडाशी काहीतरी खरवडलेलं दिसतंय. बाळू, ते नाव असणार. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर, समईवर नाव घालायची रीत होती. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी तारीखसुद्धा. ते नाव कुणी का काढलं, एवढं तरी त्याला विचारलंस का?

नसणारच विचारलं. ज्याला खरेदी नकोशी असते तो वस्तू उलटी करून बघत नाही. अरे, समई घेताना आधी पालथी करायची. आटे उघडून बघायचे. हाताने पाडलेले आटे थोडे वेडेवाकडे असतात, आणि एकीचा भाग दुसऱ्या समईला सहसा बसत नाही. तेलाच्या वाटीच्या कडेला, नक्षीच्या खाचेत वर्षांचा चिकटा धरलेला असतो. नवं पितळ तेजाबाने काळं करतात, मातीत पुरून ठेवतात. त्याचा काळेपणा सगळीकडे सारखा असतो. वापरातली वस्तू जिथे हात लागतो तिथेच झिजते. आणि खिशात एक लोहचुंबक ठेवायचा. तो चिकटला तर वर नुसता मुलामा आहे, आत लोखंड.

‘पेशवेकालीन’ म्हणाला ना तो विकणारा? तसं खरंच असेल तर पुढच्या वर्षी जर्मनीला जाताना ती सामानात घालू नकोस. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२च्या कायद्याने बंदी आहे. खोटं असेल तर ऐनवेळी अडणार नाहीस, पण साडेनऊ हजार गेलेच. त्याने पावती तरी दिली का?

पुन्हा त्या खरवडलेल्या जागेशीच येते. चोरीचा माल असला की आधी नाव जातं, म्हणून मी घाबरले. कुणाच्या तरी देवघरातून उचललेली समई आपल्या देवापुढे लावायची, या विचाराने अंगावर काटा आला.

पण दुसरंही एक कारण असतं. ते मला माहीत आहे, आणि तुझ्या बाबाला मी कधी सांगितलं नाही.

१९७९ साली बाबाच्या कॉलेजची फी भरायची होती आणि अण्णा अंथरुणाला खिळलेले. आईने घंगाळ, दोन हंडे आणि समयांची जोडी काढून दिली. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. भांडीवाल्याने काट्यावर टाकून मोडीचा भाव सांगितला. त्याने समईचं बूड वर केलं तेव्हा अण्णांचं नाव दिसलं, आणि पेठेत कुणाला कळू नये म्हणून मीच म्हणाले, आधी हे काढा. त्याने कानस घेतली. तो आवाज अजून कानात आहे. आईने मला नाव काढायला सांगितलं नव्हतं.

नंतर कितीतरी बुधवारी आणि रविवारी मी त्याच जुन्या बाजारात फिरले. नाव नाही, तर ओळखणार कशी? आपल्या समयांवर मोर होते, एकाचा तुरा मोडलेला. तुझ्या समईवर हंस आहे असं वहिनी म्हणाली, म्हणजे ती आपली नाहीच. तरी मी दोनदा विचारलं.

बाजीराव रस्त्याजवळच्या केळकर संग्रहालयात तुला लहानपणी नेलं होतं, आठवतं? दिव्यांच्या कपाटापुढे मी किती वेळ उभी, आणि तू कंटाळून माझा पदर ओढत होतास. दिनकर केळकरांनी गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, रोजच्या घरातल्या वस्तू जमवल्या आणि ते सगळं १९७५ साली सरकारला देऊन टाकलं. संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. त्या दिवशी मला रडू का आलं, ते तू विचारलं होतंस. मी डोळ्यात धूळ गेली म्हणाले.

रागावले, ते मनावर घेऊ नकोस. ज्या पोराला दुकानाची पायरी चढवत नव्हती, त्याने गर्दीतून उचलून आणली ती समईच, हे वहिनीने सांगितलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं होतं. धास्ती मागून आली.

त्या माणसाकडे एकदा जाऊन ये. भांडायला नव्हे. ‘कुठून आली’ एवढंच विचार आणि पावती माग. एकट्याला अवघड वाटलं तर थांब, मी रविवारी सकाळच्या एसटीने येते. गुडघा दुखतो, तेवढा हात धर. तोपर्यंत समई चिंचेने घासू नकोस, नुसत्या मऊ फडक्याने पूस. खरवडलेल्या जागेला तर हातच लावू नकोस, मला ती उजेडात नीट बघायची आहे. एखादं अक्षर उरलंही असेल.

वाती मी वळून आणते.

तुझी,
आत्या