जुन्या संगणकाचा एसएमपीएस बदलण्यापूर्वी

सोनाळा, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा

चि. भाच्यास,

एसएमपीएस म्हणजे भिंतीवरच्या 230 व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे संगणकाला लागणाऱ्या 12, 5 आणि 3.3 व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करणारी पत्र्याची पेटी. ती एका जुन्या संगणकातून काढून दुसऱ्यात बसवणे हे चार स्क्रू आणि काही प्लग यांचे काम दिसते, आणि तसे दिसते म्हणूनच त्यात मदरबोर्ड जळतात. 2001 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्यातालुक्यांत संगणक केंद्रे उघडली, आणि त्या पिढीची यंत्रे आजही कपाटांत व माळ्यांवर सापडतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या सोनाळ्यासारख्या गावी, जिथून सुट्या भागासाठी शेगाव, अकोट किंवा खामगाव गाठावे लागते, तिथे बंद पडलेल्या एका यंत्राचा चांगला भाग दुसऱ्याला लावणे हा शहाणपणाचाच मार्ग आहे. चिरंजीवाने तो अवश्य धरावा. मात्र प्लग खाचेत बसला एवढ्यावरून जोडणी जुळली असे ठरत नाही, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी.

याचे कारण या पेट्यांच्या इतिहासात आहे. 1995 पूर्वीच्या, एटी नावाने ओळखल्या जाणाऱ्या रचनेत मदरबोर्डला सहा-सहा तारांचे दोन प्लग लागत. त्यांच्या काळ्या तारा मधोमध शेजारी-शेजारी याव्या लागतात, आणि अदलाबदल झाली तर बोर्ड नष्ट होऊ शकतो. शिवाय त्या संगणकांच्या दर्शनी बटणापर्यंत थेट 230 व्होल्ट येतात, हे विसरणे जिवावर बेतू शकते. 1995 साली इंटेलने एटीएक्स रचना मांडली, तिच्यात वीस पिनांचा एकच प्लग आला. 2000 साली पेंटियम 4 च्या सुमारास प्रोसेसरसाठी 12 व्होल्टचा चार पिनांचा वेगळा प्लग जोडला गेला, आणि 2003 नंतर मुख्य प्लग चोवीस पिनांचा झाला.

प्लगपेक्षा महत्त्वाचा बदल आतल्या वाटणीत झाला. पेंटियम 3 च्या काळातील बरेच बोर्ड प्रोसेसरची वीज 5 व्होल्टच्या तारेवरून घेत, तर पुढचे बोर्ड ती 12 व्होल्टवरून घेऊ लागले; म्हणून नवा, लेबलावर 450 वॅट छापलेला एसएमपीएसही जुन्या बोर्डला 5 व्होल्टवर अपुरा पडू शकतो, आणि जुना एसएमपीएस नव्या बोर्डला 12 व्होल्टवर. तेव्हा चिरंजीवाने मोठ्या अक्षरातील वॅटचा आकडा बाजूला ठेवून लेबलावरील तक्ता वाचावा, ज्यात प्रत्येक व्होल्टेजपुढे किती अँपिअर मिळतील ते दिलेले असते. स्वस्त पेट्यांवरचा एकूण आकडा तर विश्वासास पात्र नसतोच.

याहून फसवा प्रकार कंपनीच्या स्वतःच्या जोडणीचा आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीच्या अनेक डेल संगणकांत वीस पिनांचा प्लग हुबेहूब एटीएक्ससारखा दिसे, पण तारांचा क्रम निराळा होता आणि 3.3 व्होल्ट त्या प्लगात नव्हतेच, ते सहा पिनांच्या दुसऱ्या प्लगातून येत. अशा बोर्डला बाजारातला साधा एसएमपीएस लावला की दोहोंपैकी एक तरी जाण्याची भीती असते. म्हणून मुख्य प्लगाच्या खटका असलेल्या बाजूची रांग पाहावी: प्रमाण एटीएक्समध्ये तिची सुरुवात नारिंगी, निळी, काळी, हिरवी अशी होते. क्रम जुळला नाही तर काम थांबवावे. पुढच्या काळातील लेनोवोच्या काही यंत्रांतील चौदा पिनांचे प्लग निदान वेगळे दिसतात, त्यामुळे त्यांचा धोका कमी.

बसवण्याआधी पेटी टेबलावर घेऊन मागचा 115 आणि 230 चा सरकता खटका असल्यास तो 230 वरच आहे हे पाहावे, कारण 115 वर असताना आपली वीज दिली तर आतल्या धारित्रांवर, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरांवर, दुप्पट दाब येऊन ते फुटतात. मग भार म्हणून एखादी निकामी हार्ड डिस्क जोडावी, हिरवी तार काळीला जोडून पेटी चालू करावी आणि मल्टिमीटरने लाल तारेवर 4.75 ते 5.25, पिवळीवर 11.4 ते 12.6 आणि नारिंगीवर 3.14 ते 3.47 व्होल्ट येतात का ते मोजावे; जांभळीवर 5 व्होल्ट पेटी सुरू करण्याआधीच असायला हवेत. पेटी उघडू मात्र नये, कारण आतल्या मोठ्या धारित्रांत सुमारे 325 व्होल्टचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर बहुधा घरच्या वायरिंगमध्ये अर्थिंग नाही. तो दोष एसएमपीएस बदलून जात नाही, त्यासाठी वायरमनला बोलवावे.

मोजणीत नापास झालेल्या पेटीवर खडूने नव्हे, न पुसणाऱ्या शाईने ‘खराब’ असे लिहावे, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या हाती चांगली म्हणून जाणार नाही, आणि ती तांब्यासाठी जाळणाऱ्याला न देता ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे पोहोचवावी. त्याविषयीचे सध्याचे केंद्रीय नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत.

मामाचे शुभाशीर्वाद.